सातव्या थरातला दुष्काळ

“काकू, हात हलवू नका. तसाच धरून ठेवा,” म्हणत प्रांजली उठली आणि भिंग घेऊन मनकर्णाच्या हातातल्या चिमट्यावर वाकली.

चिमट्यात काय आहे ते अंगणातल्या नळापाशी बसलेल्या केवलरामला दिसत नव्हतं. दिसण्याजोगं नव्हतंच ते, तिळाच्या दाण्याएवढी एक पांढुरकी वस्तू होती. पण उघड्या दारातून प्रांजलीचा आवाज मात्र स्वच्छ ऐकू येत होता.

“उंदराचा दात आहे! अख्खा, मुळांसकट. काकू, तुम्हाला हा दिसला तरी कसा?”

“दिसला म्हंजे काय बाई,” मनकर्णा लाजत म्हणाली, “रेतीत तो येगळाच दिसून राहिला होता. तांदुळातला खडा नाई का दिसत आपल्याले? तसाच.”

“माझ्या सरांनाही नसता दिसला.”

केवलरामने हातातली चाळणी टपात जरा जोरातच आपटली. पाणी उडालं आणि त्याचीच विजार भिजली. आत कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

भिलाईच्या हुडको कॉलनीतलं हे घर अरुणकुमार साहेबांचं. साहेब पोलादाच्या प्लांटमध्ये अधिकारी होते, निवृत्त होऊन नागपूरला गेले आणि रिकाम्या घरात त्यांच्या मुलीने मातीची पोती आणून भरली. प्रांजली पुण्यात शिकलेली. जुन्या वस्त्यांत सापडणारी जनावरांची हाडं हा तिचा विषय. अहिवारा गावाच्या पलीकडे ओढ्याकाठच्या एका टेकाडावर तिच्या लोकांनी हिवाळाभर खोदकाम केलं होतं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे गाव होतं म्हणे. मातीचे अकरा थर निघाले, पहिला सगळ्यात वरचा म्हणून नवा, अकरावा सगळ्यात जुना, आणि एकेका थराची पोती चिठ्ठ्या लावून इथे आली. ती माती पाण्यात चाळायची, चाळणीवर उरलेला गाळ फडक्यावर वाळवायचा, मग तो थाळीत चिमूट चिमूट पसरून त्यातून दात, हाडं, माशांचे मणके वेचायचे, असं काम.

कशासाठी, तर त्या काळी तिथे पाऊस किती पडत होता ते कळावं म्हणून. केवलरामला पहिल्या दिवशी हसूच आलं होतं. पावसाची साक्ष उंदराकडून काढायची? तेव्हा प्रांजलीने त्याला नीट समजावलं होतं. “काका, मोठं जनावर माणूस दहा कोसांवरून मारून आणतो. उंदीर मात्र जिथला तिथलाच असतो. ओल्या गवतात राहणारा वेगळा, रेताड माळावरचा वेगळा. पाऊस बदलला की आधी उंदीर बदलतो, आणि तो कोणता ते दातावरून कळतं. मासे तर काय, ओढ्याला पाणी असेल तरच असणार ना.”

केवलरामला हे एकदम पटलं, कारण त्याचा जन्म अशाच कामात गेला होता. केवलराम कापगते, प्लांटच्या सॅम्पल विभागात चौतीस वर्षं. चुनखडीची वॅगन आली की तिच्यातून टोपलीभर दगड काढायचा, फोडायचा, बारीक करायचा आणि शेवटी मूठभर माल लॅबमध्ये पाठवायचा. त्या मूठभरावरून अख्ख्या गाडीची जात ठरायची. टोपलीची मूठ करायची रीत ठरलेली होती. मालाचा उभा ढीग करायचा, तो दाबून चपटा करायचा, फावड्याने त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि दोन टाकून द्यायचे. उरलेल्याचा पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. याला क्वार्टरिंग म्हणतात. त्यात एकच नियम होता आणि तो त्याच्या पहिल्या चार्जमनने, म्हणजे वरच्या मुकादमाने, त्याच्या डोक्यात ठोकून बसवला होता. भाग उचलताना मालाकडे बघायचं नाही. उत्तर-दक्षिण ठेवायचं, पूर्व-पश्चिम फेकायचं, मग त्यात काय का असेना. चांगला दिसला म्हणून ठेवला आणि वाईट दिसला म्हणून टाकला, की त्याला सॅम्पल म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात. चौतीस वर्षांत माल पुरवणाऱ्यांनी त्याला चहा पाजला, हात जोडले, एकाने दमही दिला. केवलरामने बघून भाग कधी उचलला नाही. बढती फारशी मिळाली नाही, पण हे एक त्याच्या गाठीला होतं.

म्हणून तर साहेबांनी नागपूरहून मुलीला फोन करून सांगितलं, “चाळणीवर बसवायला कापगतेसारखा माणूस भिलाईत मिळायचा नाही.” हे वाक्य केवलरामने कोहक्यातल्या आपल्या गल्लीत इतक्यांदा ऐकवलं की शेजारचा बाबुलाल ते पाठ म्हणून दाखवायचा.

आणि मनकर्णाला या कामावर आणलं कुणी? यानेच. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. वेचायला ठेवलेल्या कॉलेजच्या दोन मुली आठवड्यात कंटाळून गेल्या, वाळलेल्या गाळाची गाठोडी साचली, तेव्हा हाच प्रांजलीला म्हणाला, “आमच्या घरची रिकामीच बसून राह्यते. आणून पाहू का?” घरी येऊन बायकोलाही त्याने उपकार केल्यासारखंच सांगितलं, “चाल, तुले काम लावून देतो.”

तर ती आली. पदर खोचून खाली बसली, थाळी मांडीवर घेतली, चिमट्याकडे जरा संशयाने पाहिलं आणि दुपारच्या जेवणापर्यंत माशाचे एकोणीस मणके काढून वाटीत ठेवले. मण्यासारखे गोल, मधे भोक, मुगाच्या डाळीएवढे. त्या दिवसापासून त्या घरात ‘काका’ हा शब्द ‘काका, पाणी’ आणि ‘काका, पुढचं पोतं’ एवढ्यापुरता उरला.

केवलराम जळत होता. दुसरा शब्द नाही. भावावर जळावं, साडूवर जळावं, बरोबरच्या माणसाला आधी प्रमोशन मिळालं म्हणून जळावं. त्याला रीत आहे, चार माणसं समजून घेतात. स्वतःच्या बायकोवर जळणाऱ्याने कुणाकडे जावं? चौथी शिकलेली बाई. प्लांटचं गेट तिने आतून कधी पाहिलं नाही. सॅम्पल म्हणजे काय हे चौतीस वर्षांत एकदा विचारलं नाही. आणि आता पुण्याला शिकलेली पोरगी तिच्यासमोर मांडी घालून बसते आणि विचारते, “काकू, तुम्ही आधी रंग बघता की आकार?”

“मी कायले काय पाहीन,” मनकर्णा म्हणायची. “हातालेच समजते.”

हातालाच समजतं! केवलराम नळापाशी तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा.

एके दिवशी प्रांजलीने मोबाइलवर मनकर्णाच्या हातांचं शूटिंग केलं आणि ते कुठे कुठे पाठवलं. तीनच दिवसांत रायपूरहून मुलाचा, अंकुरचा फोन आला. पोरगं लहानपणी घरात मराठी बोलायचं, नोकरीला लागल्यापासून तेही सुटलं.

“पापा, मम्मी तो साइंटिस्ट हो गई! मेरे ऑफिस में सबने देखा.”

“हो का,” केवलराम म्हणाला. “आन मी?”

“आप भी हो ना पापा, पीछे. बाल्टी लेके जाते हुए दिखते हो.”

केवलरामने फोन मनकर्णाकडे दिला आणि चपला घालून गल्लीत आला, तर तिथे बाबुलाल बसलेलाच. “कस भैया, भौजी के वीडियो देखेंव. बड़ सुग्घर हे. अउ तुमन उहां का करथव?” तुम्ही तिथे काय करता, असं विचारत होता तो.

“पूरा सैंपल का काम अपने हाथ में है,” केवलराम म्हणाला. बाबुलालने मान डोलावली, पण त्या डोलावण्यात काही दम नव्हता.

यावर कळस चढला तो सहावा थर संपला त्या दिवशी. प्रांजलीने वाट्या मोजल्या, वहीत आकडे लिहिले आणि म्हणाली, “काकू, माझ्या अहवालात तुमचं नाव येणार आहे. हाडं निवडण्याचं काम, मनकर्णा कापगते.”

“माहं नाव?” मनकर्णाच्या हातातला चिमटा थांबला. “छापून?”

“छापून.”

मनकर्णाने थाळी मांडीवरून खाली ठेवली. मग दाराकडे हनुवटी करून हळूच म्हणाली, “आन यायचं?”

“काकांचं पण टाकू ना. आभारात.”

तिने आपल्यासाठी विचारावं याची केवलरामला जास्त चीड आली. आभारात तर चहावाल्याचंही नाव टाकतात. त्या संध्याकाळी मनकर्णाने जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडून घेतलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आपलं नाव लिहायला बसली. नाव छापून येणार तर सहीही धड यायला नको का, असं तिचं म्हणणं. अकरा वेळा लिहिलं. पहिल्या दोन-तीन नावांतला रफार भलत्याच अक्षरावर पडला होता, शेवटच्या नावात जागेवर आला. केवलराम जेवताना ते पान बघत होता आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणत होता. भाजीत मीठ बरोबर होतं.

सातव्या थराचा गाळ वाळून तयार झाला तो दिवस सोमवार. प्रांजली कामासाठी रायपूरला गेली होती, मनकर्णा पाहुण्यांकडे साखरपुड्याला. हुडकोतल्या घरात केवलराम एकटा. फडक्यावर गाळाचा थर पसरलेला होता, नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त. एवढा वेचायला तीन आठवडे लागतील, तो मनाशी म्हणाला. कशाला एवढं? शास्त्रात काय, थोड्यावरून सगळ्याची जात कळते. अर्धं पुरे.

त्याने ओट्यावर गाळ ओतला आणि ढीग केला. कितीतरी वर्षांनी हाताला जुनं काम मिळालं आणि हात खुशीत आले. वरून मूठमूठ सोडत त्याने तो ढीग असा देखणा चढवला की त्याचा चार्जमन असता तर पाठ थोपटली असती. पाटीने दाबून चपटा केला. उलथन्याने दोन रेघा मारल्या, चार भाग एकदम सारखे.

आणि मग त्याने बघितलं.

उंदरांचे दात त्याला दिसत नव्हते, ते दिसायला मनकर्णाची नजर लागते. पण माशांचे मणके मोठे, पांढरे, गोल. ढिगाच्या एका अंगाला घरंगळून ते बहुतेक सगळे दोन भागांत गेले होते. समोरासमोरच्या नव्हे, शेजारशेजारच्या दोन भागांत. केवलराम उलथनं हातात धरून किती वेळ तसाच उभा राहिला कोण जाणे. आपण काय करतो आहोत हे त्याला पूर्ण ठाऊक होतं. वेळ वाचवायचा वगैरे काही नव्हतं. एकदा, फक्त एकदा, तिची थाळी रिकामी निघावी एवढंच त्याला पाहिजे होतं. त्याने ते दोन भाग पाटीत भरले, मागच्या पेरूच्या झाडाखाली नेऊन टाकले आणि वर दोन बादल्या पाणी सोडलं. गाळ मातीत मिसळून गेला.

पुढचे आठ-दहा दिवस मनकर्णाने सातव्या थरावर घालवले. माशाचे मणके निघाले तीन. सहाव्यात दोनशेच्या वर होते.

प्रांजली आधी आनंदाने उडालीच. “काका, दुष्काळ! सातव्या थरात मासे संपले. ओढा आटला असणार. हेच शोधतेय मी चार वर्षं!” तिने लगेच पेढे आणले. केवलरामनेही एक खाल्ला. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा दुष्काळ आपण एका दुपारी पेरूच्या झाडाखाली पाडला, असा विचार करत त्याने दुसरा पेढा नको म्हटलं.

एकटी मनकर्णा कोड्यात पडली होती. “बाई, सहाव्यात मासा हाय, आता आठव्याचं गाठोडं उघडून पाह्यलं तं त्याच्यातही वरूनच दिसून राहिला. सातव्यालेच काय झालं?”

“दुष्काळ काकू, दुष्काळ.”

पण आठवड्याने उंदरांच्या दातांची ओळख पटवून झाली आणि प्रांजलीचा चेहरा उतरला. दात सगळे ओल्या गवतातल्या उंदरांचे. माळावरच्या उंदराचा एकही नाही. “ओढ्याला पाणी नाही आणि गवत मात्र ओलं? असं होत नाही,” ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने सातव्या थरातला वेचून झालेला गाळ पुन्हा काढला, दोन चिमटी थाळीत पसरल्या आणि भिंगाखाली धरल्या. नशीब असं की त्यात माशाचे दोन मणके सापडले. वेचणारा कितीही चांगला असला तरी असे एखाद-दोन सुटतातच, पण ते त्याच दिवशी सापडायचे होते.

“काकू, हे राहून गेले वाटतं,” प्रांजली जपूनच म्हणाली.

मनकर्णाने भिंगातून पाहिलं. मग ते दोन्ही चिमट्याने उचलून वाटीत टाकले. दुसऱ्या दिवशी ती एकटीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टर म्हणाला, “अम्मा, मोतियाबिंद की शुरुआत है, अभी कुछ नहीं करना है.” त्यातलं पुढचं तिने ऐकलंच नाही.

“मोतीबिंदू हाय मले,” घरी येऊन ती म्हणाली. “पोरीचं काम नासवलं मी. आता नाई जात.”

केवलराम जिंकला होता. असं वाटायला हवं होतं, निदान दोन दिवस तरी. पण मनकर्णा मेथी निवडून त्याच्यासमोर ठेवायची आणि विचारायची, “नीट हाय का पाहा बरं, काडी-कचरा राहिला असंन.” काडी नसायची. “बरोबर हाय,” तो म्हणायचा. ती दिवसातून तीनदा दाराशी जाऊन एक डोळा झाकून समोरच्या घराची पाटी वाचून बघायची, मग दुसरा झाकून. बाबुलालच्या बायकोने विचारलं तर म्हणाली, “आमचं काय हो, झालं आता वय.” तिचं वय तिला कालपर्यंत आठवत नव्हतं. केवलरामला हे बघवत नव्हतं आणि सांगवतही नव्हतं. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझ्या थाळीवर माझी नजर होती म्हणून?

शुक्रवारी ती म्हणाली, “चिमटा माह्यापाशीच राहून गेला. पोरीले द्याचा हाय.” त्याने मी नेतो म्हटलं तरी ऐकलं नाही. “सामान आपल्या हातानं परत करा लागते,” म्हणाली. दोघं हुडकोत आली तेव्हा दहा वाजले होते. प्रांजली टेबलाशी वह्या उघडून बसली होती. मनकर्णाने पिशवीतून कागदात गुंडाळलेला चिमटा काढून टेबलावर ठेवला. कागद कॅलेंडरचा होता. केवलरामने बाहेरच्या बाजूला आलेली नावं ओळखली. शेवटचं, रफार जागेवर आलेलं नाव घडीवर बरोबर दुमडलं होतं.

“काकू, असं नका ना करू,” प्रांजली म्हणाली. “तुमच्यावर माझा राग नाही. पण...” ती अडखळली. शहाणी मुलगी होती, खोटं बोलणं तिच्या अंगात नव्हतं. “पण मला सहाही थर पुन्हा बघावे लागणार. नजरेचा प्रश्न असेल तर तो आधीपासूनच असणार. तुम्ही वेचलेलं सध्या मी अहवालातून काढतेय. नाव पण. पुन्हा तपासून झालं की बघू.”

“काढून टाक बाई,” मनकर्णा म्हणाली. “खोटं नाव कायले पाहिजे.”

“सगळं?” केवलराम एकदम बोलला. “दोन महिन्याचं सगळं काढून राहिली तू?”

“काय करणार काका?”

केवलरामने खिडकीचा गज धरला. “सातव्या थराचं मले सांगायचं हाय,” तो म्हणाला. “तो गाळ पुरा नव्हता. मी त्याचं क्वार्टरिंग केलं. अर्धा ठेवला, अर्धा टाकला. तुले सांगाचं राहून गेलं.”

प्रांजलीने पेन खाली ठेवलं. क्षणभर रागावली, मग तिचा चेहरा निवळला. “काका! मग हे आधी नाही का सांगायचं? क्वार्टरिंग आम्हीही करतो, त्यात वाईट काही नाही, फक्त लिहून ठेवायचं असतं. आकडे दोनाने गुणले की झालं. उत्तर-दक्षिणच ठेवलं ना, तुम्ही मला दाखवलं होतं तसं?”

मान हलवली की सुटका होती. चौतीस वर्षांची अब्रू शाबूत राहत होती, वर चूक कबूल केल्याचं पुण्यही मिळत होतं. केवलरामने मान हलवली.

प्रांजलीने वहीत लिहिलं. लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं. “पण मग तिनाचे सहाच होतात ना काका. दोनशेचे सहा. प्रश्न काही सुटला नाही. काकूंच्या नजरेतून सुटले हेच राहतं.”

“तेच तं,” मनकर्णा शांतपणे म्हणाली आणि जायला उठली. पदर सावरून तिने पिशवीची घडी केली. “चला जी.”

ती उंबऱ्यापर्यंत गेली. तिथे तिने चौकटीला हात लावला, पायरी नीट बघून घेतली आणि मगच पाऊल उचललं. दोन महिने रोज ये-जा केलेली पायरी. केवलरामने खिडकीचा गज सोडला.

“मी पाहून टाकलं,” तो म्हणाला.

“काय?” प्रांजलीने विचारलं.

“उत्तर-दक्षिण नाई ठेवलं. चारही भाग पाह्यले. ज्या दोन भागात मासा जास्त दिसला ते उचलले आन पेरूच्या झाडाखाली नेऊन टाकले. वरून पाणी टाकलं. आता ते मिळणार नाई. उंदराचे दात मले दिसत नाई, म्हणून ते राहिले. दुष्काळ-फिष्काळ काई नाई. मासे होते. लय होते.”

प्रांजली काही विचारणार होती, पण तिच्या आधी मनकर्णाने विचारलं.

“कावून?”

चौतीस वर्षांत साहेबांसमोर, माल पुरवणाऱ्यांसमोर, कुणासमोर त्याची मान खाली गेली नव्हती. “तुह्या थाळीत येऊ नये म्हणून,” तो म्हणाला. “सारे तुलेच विचारून राहिले होते. मले पाहवत नव्हतं.” मग त्याने कसंबसं वर बघितलं. “तुह्या डोळ्याले काई झालं नाई. तुले जसं दिसते तसं कोणालेच दिसत नाई. मी सारं पाहून राहिलो होतो ना.”

मनकर्णा उंबऱ्यातच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर केवलरामला बरं वाटलं असतं. राग नव्हता. चाळीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाला परत एकदा नीट बघून घ्यावं तशी ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिला जे दिसायचं ते दिसलं असावं.

प्रांजलीने वही पुढे ओढली. सातव्या थराच्या आकड्यांवर आडवी रेघ मारली. मग वही केवलरामसमोर सरकवून पेन पुढे केलं. “तुमच्या हाताने लिहा काका. सॅम्पलच्या चिठ्ठीवर लिहायचे तसं.”

त्याने लिहिलं: सातवा थर. गाळ बघून टाकला. केवलराम कापगते. अक्षर अजूनही सुरेख होतं त्याचं. वही परत घेताना प्रांजलीने ते वाचलं आणि आवाज न चढवता म्हणाली, “उद्यापासून चाळणीवर मी बसेन.”

“बरोबर हाय,” केवलराम म्हणाला. कामावरून ऊठ असं त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं तेव्हा त्यात चूक काढायला जागा नव्हती.

मनकर्णा आत आली. टेबलावरचा कागद तिने उलगडला, चिमटा घेतला आणि कागदाची घडी कमरेला खोचली. कुणाला न विचारता कोपऱ्यातलं आठव्या थराचं गाठोडं ओढलं, दाराच्या उजेडात बसकर टाकून त्यावर बसली आणि थाळी मांडीवर घेतली. चिमूटभर गाळ थाळीत सोडून बोटाने पसरला. केवलराम दारातच उभा होता. तिने काहीतरी बोलावं, निदान शिवी तरी द्यावी, म्हणून तो थांबला होता.

“बाजूले सरका,” ती थाळीतून नजर न काढता म्हणाली. “उजेड अडवून राहिले.”

तो बाजूला सरकला. मग अंगणात येऊन पालथ्या घातलेल्या बादलीवर बसला. थोड्या वेळाने आत काहीतरी बारीकसं वाटीत पडल्याचा आवाज आला. मग आणखी एक.